केळीच्या डब्यातली चाकं

"आत जागा न्हाई."

उस्ताद माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी बाहेर उन्हात, ते आत अंधारात, मध्ये पत्र्याचं दार. लातूरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी नुकतीच लागले होते, त्याच्या वर्कशॉपमागे हा चौकोनी डबा दोन चाकांवर उभा होता. तो आता माझ्या ताब्यात आहे, असं सकाळीच एका कागदावर माझी सही घेऊन मला कळवण्यात आलं होतं.

आमची पोरं दरवर्षी एक छोटी रेसिंग कार बनवायची आणि पुण्याच्या पुढच्या एका ट्रॅकवर स्पर्धेला न्यायची. न्यायची ती या बंद ट्रेलरमधून. टीमचं काम बघायला जुने प्राध्यापक तयार नसत, कारण त्यात रविवार जातात. नव्या माणसाला रविवार नसतात. म्हणून मी.

"मी नवीन मॅडम आहे. टीमची इनचार्ज," मी दाराच्या फटीला तोंड लावून सांगितलं.

"मंग तर बिलकूलच जागा न्हाई."

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. आतून एक बारीक, उंच, पांढऱ्या भुवयांचा माणूस वाकून बाहेर आला. अंगावर खाकी ॲप्रन, त्याची पाचही बटणं पाच तऱ्हेची. कानावर खडू. बोटात हिरव्या खड्याची चांदीची अंगठी. मागे डब्याच्या तळावर आणि भिंतींवर खडूने काढलेली गोलच गोल वर्तुळं.

"काय करत होतात?"

"चाकं ठेवून राहिलो."

"पण आत एकही चाक नाही."

"पहिले जागा ठेवायची, मंग चाक. लोक उलटं करतात, म्हणून लोकांच्या घरात फिरायला वाट न्हाई."

ते आमचे वर्कशॉप इन्स्ट्रक्टर. सगळं कॉलेज त्यांना उस्ताद म्हणायचं. नांदेडच्या इतवाऱ्यातलं त्यांचं घर. आजोबा टांग्याची चाकं करायचे, वडील टांग्याची आणि बैलगाडीची. टांगे गेले, बैलगाड्यांना रबरी टायर आले, तशी ही चाकांची विद्या फिरत फिरत लातूरच्या कॉलेजपर्यंत आली. सोमवारी पहाटेच्या एसटीने ते यायचे, शनिवारी दुपारच्या एसटीने जायचे. बाकीचे दिवस वर्कशॉपमागच्या एका खोलीत राहायचे. "माझ्या खानदानात कोणी गाडी न्हाई चालवली," ते अभिमानाने सांगायचे, "सगळ्यांनी चाकं चालवली."

आणि गंमत अशी, की या माणसाला सायकलसुद्धा येत नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मॅडमजी, हलवायाचं पोट बघितलं का कधी? ते मिठाई खात न्हाई." मला चांगली दोन मिनिटं वाटत राहिलं की आपल्याला उत्तर मिळालं आहे.

* * *

तो डबा मुळात आमचा नव्हता. अर्धापूरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडून कॉलेजने तो जुना घेतला होता. कित्येक वर्षं त्यातून केळीच गेली असल्यामुळे पत्र्याच्या अणुरेणूत केळं शिरलं होतं. पोरांनी फिनाईल ओतून बघितलं, चुना मारून बघितला. उस्तादांनी शेवटी एका शुक्रवारी आत लोबान जाळला. तेव्हापासून डब्यात गेलं की दर्ग्याबाहेर केळी विकायला बसल्यासारखं वाटायचं.

या डब्यात पुढच्या भिंतीला उस्तादांनी पाइपांची एक मांडणी केली होती. गाडीची आठ जादा चाकं त्यात उभी राहायची: चार कोरड्या रस्त्याची, चार पावसाची. प्रत्येक चाकाला पट्टा, पट्ट्याला बकल, बकल लावलं की अंगठीने चाकावर दोनदा टकटक. कान लावून ऐकायचे. मग पुढचं.

"काय ऐकता?"

"हवा किती हाय ते."

"त्याला मीटर असतं उस्ताद."

"मीटर नंबर सांगतं. तबियत न्हाई सांगत."

मी मीटर लावून बघितलं. त्यांनी सांगितलं होतं तेवढीच हवा निघाली. दुसऱ्या चाकाला बघितलं, तीही तेवढीच. महिनाभर मी भारावून होते. मग कळलं की रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते मीटर लावून ठेवायचे. मला हे सांगितलं त्यांनीच, मोठ्या खुशीने. म्हणाले, "तुम्ही महिना काढला. मागचे सर तर चार वर्षं ऐकून राहिले."

चाकांना नंबर होते. टीमच्या कॅप्टनने, औशाच्या एका पोराने, लॅपटॉपवर यादी केली होती, पुढचं डावं, मागचं उजवं अशी. उस्तादांना ती यादी मान्य नव्हती. त्यांनी चाकांना आपले नातेवाईक वाटून दिले होते. मऊ रबराची दोन होती ती साले. "लवकर गरम होतात, लवकर थंड होतात, आणि झिजतात म्हणून आपल्याच नावानं रडतात." टणक होती ती चाचे. आणि पावसाची चारही फुफ्या, म्हणजे आत्या.

"फुफी का?" कॅप्टनने विचारलं.

"फुफी रोज कामाला येत न्हाई. कोपऱ्यात बसती. पण तिला आणायची विसरलास तर लग्न होत न्हाई बेटा."

कॅप्टनचं म्हणणं होतं की चाकं मागच्या दाराशी आडवी रचावीत. ट्रॅकवर उतरलं की तीच पहिल्यांदा लागतात. यावर दोघांचा पंधरवडाभर वाद चालला. उस्ताद शेवटी म्हणाले, "घरात दाराशी काय ठेवतात? चप्पल. चाक काय चप्पल हाय?" आणि मग खडू घेऊन त्यांनी जमिनीवर डबा काढला, खाली चाकं काढली, पुढे पिकअपला अडकवायचा आकडा काढला. "वजन पुढं पाहिजे. मागं वजन गेलं की ही शेपूट कुत्र्याला हलवती."

मला ते चित्र न बघताही कळलं. मी हदगावकडची. आमच्या शेतातला कापूस बैलगाडीतून घरी यायचा. गाडीत मागे जास्त भार झाला की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्यातली जुपणी आवळते, बैल घुसमटतात. गाडी उलाळ झाली म्हणतात त्याला. माझे वडील गाडी भरताना आम्हा भावंडांना पुढे ढकलायचे, "व्हा रे पुढं, उलाळ हुतीय." मी हे बोलून दाखवलं, तर उस्तादांनी कानावरचा खडू काढून माझ्या हातात दिला. वर्कशॉपमध्ये यापेक्षा मोठा मान नव्हता. कॅप्टनचा चेहरा उतरला, पण त्याने लॅपटॉपवर यादी बदलली. मी पाहिलं, त्यात कंसात 'फुफी' लिहिलं होतं.

उन्हाने रबर तडकतं म्हणून चाकांना खोळी होत्या. त्या नांदेडला बेगमनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोने, घरातल्या जुन्या पडद्यांच्या शिवल्या होत्या. गुलाबी जमिनीवर मोठमोठी लाल फुलं, तोंडाला नाडी. त्या वर्षी कॉलेज तपासायला समिती आली. डब्याचं दार उघडलं, केळी आणि लोबानचा वास आला, आणि समोर आठ गुबगुबीत फुलाफुलांची गाठोडी. अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले.

"हे काय आहे?"

"चाकं साहेब."

"मग हे असं?"

उस्ताद गंभीरपणे म्हणाले, "पर्द्यात हायेत."

अध्यक्षांनी मान हलवली आणि शेजारच्यांना काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. अहवालात पुढे वाक्य आलं, 'टायर साठवणुकीची विशेष व्यवस्था आढळून आली.' उस्तादांनी त्या पानाची झेरॉक्स काढून बेगमला नेऊन दिली.

वर्कशॉपमधली मोठी मोटर चालू झाली की डबा तिथून पन्नास पावलं लांब ढकलायचा, असाही त्यांचा नियम होता. "मोटरच्या हवेनं रबराला खोकला होतो." मी खूप हसले. पुढे एकदा पुस्तकात वाचलं, की विजेच्या मोटरजवळ ओझोन तयार होतो आणि त्याने रबराला बारीक चिरा जातात. मी पुस्तक घेऊन धावत वर्कशॉपमध्ये गेले. त्यांनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं झालं. मी तर पोरांना डबा ढकलायला लावायचं म्हणून सांगून राहिलो होतो." यातलं खरं काय, मला आजही माहीत नाही.

* * *

आता दिवाणाचं.

आमचे प्राचार्य दुष्ट नव्हते. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट आपली वाटायची. "आपलंच आहे" हा त्यांचा शब्द. कॉलेज आपलंच आहे, माळी आपलाच आहे, त्याच्याकडून आपल्या घरची बाग करून घेतली तर आपलीच बाग झाली. स्पर्धेला निघायचं त्या सकाळी, गाडी डब्यात चढवून, चाकं मांडणीत बांधून आम्ही नारळ फोडायच्या तयारीत होतो, तेवढ्यात एक छोटा टेम्पो आला. त्यात सागवानी दिवाण. खाली पेटी असलेला, पितळी कड्यांचा, चार माणसांना न उचलणारा. प्राचार्यांच्या मुलीने पुण्यात घर घेतलं होतं.

"ट्रेलर चाललाच आहे पुण्याला," प्राचार्य म्हणाले. "आपलाच आहे."

"सर, आत जागा नाही," मी म्हटलं.

"ही चाकं मागे घ्या. ते पाइप काढा. गाडी पुढे सरकवा. अहो, इंजिनिअर ना तुम्ही?"

दिवाण मागच्या दाराकडून जाणार, म्हणजे मागेच राहणार. वर आठ चाकं त्याच्यावर रचायची. आमची गाडी म्हणजे पाइपांचा सांगाडा, ती पुढे सरकवून फरक पडणार नव्हता. मला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. पण माझी नेमणूक एका वर्षाची होती. पुढचं वर्ष मिळणार की नाही ते प्राचार्यांच्या शेऱ्यावर. मी उस्तादांकडे बघितलं. मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी तिरपागडं बोलेल, प्राचार्य हसतील आणि दिवाण टेम्पोतून परत जाईल.

उस्ताद म्हणाले, "हाव साहेब."

आणि स्वतः पाना घेऊन मांडणी खोलायला लागले. पाइप, नट, पट्टे, सगळं त्यांनी एकट्याने कुठेतरी ठेवलं. दिवाण चढला. त्यावर फुलाफुलांची आठ गाठोडी चढली. प्राचार्यांनी स्वतः नारळ फोडला. निघताना मी बघितलं, ट्रेलरचा पुढचा दांडा पिकअपला अडकवलेला होता तिथे वर उचलला गेला होता, आणि मागचं दार जमिनीकडे झुकलं होतं. गाडी उलाळ होती. हदगावच्या कोणत्याही शेंबड्या पोराला ते कळलं असतं.

"मॅडमजी," उस्ताद माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाले, "तुमच्याकडं बैल काय करतो, गाडी उलाळ झाली की?"

"घुसमटतो," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले, आणि पिकअपमध्ये जाऊन बसले.

पुढे ड्रायव्हर आणि उस्ताद. मागच्या सीटवर मी, कॅप्टन आणि टीममधल्या दोन मुली. बाकीची टीम एसटीने गेली होती. ड्रायव्हर उदगीरकडचा, अबोल माणूस. लातूर सुटल्यावर उस्तादांनी घरी फोन लावला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उर्दूत कुजबुजत राहिले. मग फोन खिशात घातला आणि अंगठी फिरवत बसले. विनोद नाही, खोडी नाही. मी मागे बसून आरशातून ट्रेलर बघत होते. तीसच्या वेगाला ठीक चालला होता. मी स्वतःला सांगत होते, बघ, काही होत नाही.

मुरूडच्या अलीकडे एक उतार आहे. खाली पूल. उतारावर वेग थोडा वाढला आणि मला सीटखालून काहीतरी वेगळं जाणवलं, जसं कुणी मागून आमचं बखोट धरून डावी-उजवीकडे हलवतंय. आरशात ट्रेलरचं एक अंग दिसलं, मग दिसेनासं झालं, मग दुसरं अंग दिसलं. समोरून उसाची ट्रॉली येत होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लोंबणारी.

"गाडी उलाळ हाय!" मी ओरडले. हदगावचीच भाषा तोंडातून आली. "हळू! हळू घ्या! थांबवा!"

ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक न्हाई!" उस्तादांनी त्याचा गुडघा धरला. "ब्रेक न्हाई! नुसता पाय काढ! सरळ धर, सरळ!"

पाय निघाला. पिकअप आपसूक मंद होत गेली. ट्रॉली आली. उसाची टिपरं आमच्या डब्याच्या पत्र्यावरून खरखर घासत गेली. तो आवाज बराच वेळ चालला असं मला वाटलं, पण तसा तो चालला नसणार. पुलाच्या कठड्याजवळ आम्ही उभे राहिलो. एक मुलगी रडत होती. कॅप्टन पुन्हापुन्हा म्हणत होता, "काही नाही झालं, काही नाही झालं."

मी खाली उतरले. डब्याभोवती एक चक्कर मारली आणि परत आले.

"दिवाण उतरवायचा," मी म्हटलं.

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब?"

"साहेबांना मी सांगते. उतरवायचा."

पुलापलीकडे ढाबा होता, आणि ढाब्याला लागून टायरचं दुकान. ते उस्तादांच्या भाच्याचं आहे हे मला तेव्हाच कळलं. चालण्याच्या वेगाने आम्ही तिथवर गेलो. सहा माणसांनी दिवाण खाली घेतला, ढाब्यासमोर कडुलिंबाखाली ठेवला. उस्तादांनी त्याच्या फळ्या वर उचलल्या. पेटीत पाइप, नट, पट्टे, पाना, खडू, सगळं जाग्यावर होतं. आख्खी मांडणी प्राचार्यांच्या दिवाणाच्या पोटात बसून आली होती.

"उस्ताद, तुम्ही हे आधीच..."

"मुरूडला चहा प्यायचाच होता मॅडमजी," ते म्हणाले. रंग परत आला होता चेहऱ्यावर.

तासाभरात चाकं पुढच्या भिंतीला उभी राहिली. बकल लागलं, टकटक झाली. तेवढ्यात माझा फोन वाजला. प्राचार्य. मी नुसती नाव बघत राहिले, तर उस्तादांनी फोन मागून घेतला. ते कडुलिंबाखाली गेले, दिवाणावर ऐसपैस आडवे झाले आणि म्हणाले, "हॅलो साहेब! हाव, हाव. दिवाण? लई आरामात हाय साहेब. काळजीच करू नका. मी सोता त्याच्यावर ध्यान ठेवून हाय."

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

* * *

स्पर्धेचं थोडक्यात सांगते. पहिले दोन दिवस आमच्या फुलाफुलांच्या खोळी बघायला दुसऱ्या टीमची पोरं यायची आणि फोटो काढून जायची. एक जण वास घेऊन म्हणाला, इथे कुणी केळी ठेवलीत का. तिसऱ्या दिवशी, ऐन आमच्या फेरीच्या आधी, अवकाळी पाऊस आला. आजूबाजूला पळापळ झाली. कुणाची पावसाची चाकं सामानाच्या तळाशी होती, कुणी आणलीच नव्हती. आमच्या कॅप्टनने डब्याचं दार उघडलं आणि लॅपटॉप वगैरे सगळं विसरून ओरडला, "उस्ताद, फुफ्या!"

चार नाड्या सुटल्या. चार फुफ्या गाडीला बसल्या. आम्ही जिंकलो नाही, पण आमच्या कॉलेजची गाडी पहिल्यांदाच शेवटपर्यंत धावली. पोरं चिखलात नाचली. उस्ताद काढलेल्या चाकांना खोळी घालत होते. "सालेहो, भिजू नका," म्हणत होते.

परत आल्यावर उस्तादांच्या नावाने मेमो निघाला. सोपवलेली वस्तू वाटेत का उतरवली, खुलासा करा. मी तो मेमो वर्कशॉपमध्ये वाचला आणि त्याच कागदाच्या मागे लिहिलं, की दिवाण माझ्या सांगण्यावरून उतरवला, जबाबदारी माझी. सही केली. उस्ताद म्हणाले, "मॅडमजी, राहू द्या." मी राहू दिलं नाही.

प्राचार्यांनी बोलावलं. दुखावले होते ते. रागापेक्षा दुखावलेलेच जास्त. "मॅडम, दिवाण आपलाच होता ना?"

"सर," मी म्हटलं, "पोरंही आपलीच होती."

वर्षअखेरीच्या माझ्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'स्वतंत्र बाण्याच्या आहेत.' आमच्या क्षेत्रात हा शेरा चांगला समजत नाहीत. मला पुढच्या वर्षाचा कागद मिळाला नाही. त्या उन्हाळ्यातच उस्तादही निवृत्त झाले. दिवाण मात्र टेम्पोने सुखरूप पुण्याला गेला असं ऐकलं.

* * *

मला पुढे नांदेडला काम मिळालं आणि मी विष्णुपुरीला खोली घेतली. एका रविवारी दुपारी पत्ता विचारत विचारत इतवाऱ्यात उस्तादांकडे गेले.

दार उघडलं बेगमनी. ठेंगण्या, ठसठशीत, कपाळावर आठ्या. मी नाव सांगितलं तर हात धरून आत नेलं आणि आधी मला स्वयंपाकघर दाखवलं.

"हे बघा. हे रिटायर काय झाले, माझ्या घराचा ट्रेलर करून ठेवला. जड ते सगळं पुढं, हलकं ते मागं. पाण्याचं पिंप दारात आणलं! येणारा-जाणारा ठेचकाळून राहिला. विचारलं तर म्हणतात, घर बॅलन्समध्ये पाहिजे. घर कुठं जाऊन राहिलं का?"

उस्ताद बाजेवर बसले होते. बारीक झाले होते, भुवया तेवढ्याच दाट. कॉलेजची, पोरांची चौकशी झाली. कॅप्टनला चाकणकडे नोकरी लागली होती हे मी सांगितलं. मग ते थोडे पुढे सरकले, बेगम आत आहेत याची खात्री केली आणि डोळे मिचकावून म्हणाले, "मॅडमजी, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी पुलाजवळ ट्रेलर हलला ना?"

"हो."

"तो मी हलवायला लावला होता. ड्रायव्हरला म्हणलं, जरा स्टिअरिंग इकडं-तिकडं कर. म्हणलं, मॅडम बोलल्याशिवाय दिवाण उतरत न्हाई."

मी थक्क होऊन बघत राहिले. आधी राग आला, मग त्यांचा खट्याळ चेहरा बघून हसू फुटणारच होतं.

"झूट!"

बेगम चहाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या.

"साफ झूट. लातूर सोडल्या सोडल्या ह्यांचा फोन आला. म्हणाले, गाडी उलाळ हाय, पोरी बसल्यात गाडीत, आणि माझी जीभ उचलून न्हाई राहिली. दुआ कर म्हणाले. मी इथं जानमाज टाकून बसले. मुरूडवरून फोन येईस्तोवर उठले न्हाई."

उस्ताद अंगठी फिरवत राहिले. त्यांना पकडलं गेलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून एक रिक्षा गेली.

"पेन्शनला आठ महिने राहिले होते," ते शेवटी म्हणाले. "साहेबासमोर तोंडातून 'हाव' निघून गेलं. मंग वाटलं, मुरूडपर्यंत काय होत न्हाई. हळू जाऊ, भाच्याकडं उतरवू, कुणाला काय कळत न्हाई." ते थांबले. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, वजन मागं गेलं की काय होतं. आणि सोता गप बसलो. तुमची नोकरी गेली मॅडमजी. माझी पेन्शन चालू हाय."

"मीही गप्पच होते उस्ताद," मी म्हटलं.

"हाव. पण तुम्ही वरडल्या."

"भीतीने ओरडले."

"मी भीतीनं गप होतो," ते म्हणाले. "फरक हाय."

बेगमनी कपात चहा ओतला, त्यांच्यापुढे ठेवला, माझ्यापुढे ठेवला.

"पिऊन घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि मंग ते पिंप उचला तिथून."

चहा झाल्यावर उस्ताद उठले. पिंप पाण्याने भरलेलं होतं, एकट्याने हलणारं नव्हतं. मी एक बाजू धरली, त्यांनी दुसरी. दोघं मिळून ते आम्ही दारातून आत सरकवलं.

"अजून थोडं," बेगम म्हणाल्या.

आम्ही अजून थोडं सरकवलं.